हिरवं दिसलं की तांबं!

तांब्याचा रंग हेदवीत मला कुणी शिकवू नये. पावसाच्या तोंडाशी सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मारतात. शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. फवारणाऱ्याच्या सदऱ्यावर निळसर डाग राहतो, तो तांब्याचा. चार महिने न घासलेल्या ताम्हनावर चढतो तो हिरवाही तांब्याचाच.

परवा मागवलेला दगड पार्सलने आला. सोबत चिठ्ठी: ‘दुर्मिळ हिरवं ताम्रखनिज, मॅलॅकाइट. भारत. हृदयचक्रासाठी उत्तम.’ आत काय, तर काचेसारखे आरपार दिसणारे हिरवे, चौकोनी, टोकदार स्फटिक आणि त्यांच्याखाली फिक्या गुलाबी स्टिल्बाइटची बैठक. अरे, मॅलॅकाइट असा दिसतो होय? तो अपारदर्शक, गाठीगाठींचा, कापला तर गडद-फिक्या पट्ट्यांचा, नाहीतर मखमलीसारख्या बारीक सुयांचा. हातात घेतला की वजन जाणवतं, पाण्याच्या जवळजवळ चौपट. फरशीच्या खडबडीत पाठीवर एक कोपरा घासून पाहिला. मॅलॅकाइटची रेघ फिकी हिरवी उठते, ही पांढरीफटक.

हा अपोफिलाइट. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार होणारा. याच्या हिरव्यात तांब्याचा संबंध नाही, तो व्हॅनेडियमचा. महाराष्ट्रातला हिरवा अपोफिलाइट मिळावा म्हणून जगभरचे संग्राहक पैसे मोजतात, आणि आमचे दुकानदार त्यालाच परक्या नावाने विकतात. पैठणी टॉवेल म्हणून खपवण्यातला प्रकार! आमच्या हेदवीच्या बामणघळीला येणाऱ्या पर्यटकाने कातळाला नुसतं ‘काळा दगड’ म्हटलं तर मी समजून घेतो. त्याला तो विकायचा नसतो.

दुकानदाराला फोन केला. “काका, एकदम नॅचरल पीस आहे, वाटल्यास फोटो पुन्हा बघा.”

“फोटो राहू दे. कुठल्या खाणीतला? कुठल्या गावचा? कुठे गोंद लावलाय का?”

“काका, लोक एवढं विचारत नाहीत हो. एनर्जी विचारतात.”

खनिजाचं नाव, गाव, माप, कुठे टवका उडालाय, काय चिकटवलंय. चिठ्ठीवर एवढंच हवं असतं. त्यातलं नाव मी घरबसल्या ओळखलं. माप पट्टीने घेतलं, साडेसात सेंटिमीटर. भिंगाखाली एका स्फटिकाच्या बुडाशी गोंदाची चकाकीही सापडली. मग त्यांची चिठ्ठी फाडून नवी लिहायला बसलो: ‘हिरवा अपोफिलाइट, स्टिल्बाइटवर. एक स्फटिक चिकटवलेला. ठिकाण:’

पुढे काय लिहू? हे भिंगाखाली दिसत नाही.