गोळीबाराचे आकडे आणि हेक्टरी उतारा

आमच्या मंडळातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा बी.एस्सी. ॲग्री झाला आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायचे ठरले. दोन ठिकाणचे प्रवेश हातात होते, एक कॅलिफोर्निया राज्यातला, दुसरा ओक्लाहोमातला. ओक्लाहोमाची फी कमी. सहा एकराचा धनी, त्यातले ओलीत दोन एकर, बँकेत कर्ज काढून पोराला पाठवणार. त्यामुळे फीचा विचार आधी. पण पोराच्या आईने धास्ती घेतली होती. "तिकडं कोनीबी बंदूक घेऊन शाळेत शिरतं म्हनं," एवढे एकच तिचे चालले होते.

गावच्या पारावर यावर दोन तट पडले. एकाचे म्हणणे, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, शिकागो ही सगळी मोठ्या शहरांची ठिकाणे, तिथे रोज मुडदे पडतात. ओक्लाहोमा आपल्यासारखा गहू आणि गुरांचा मुलूख, तिथे पोरगा सुखरूप राहील. दुसऱ्याने मोबाइलवर काहीतरी वाचले होते. तो म्हणे, उलट आहे, बंदुकीचे मरण ओक्लाहोमातच जास्त. शेवटी वडील ठिबकच्या अनुदानाची फाईल घेऊन माझ्याकडे आले आणि जाता जाता म्हणाले, "साहेब, तुम्ही रोज आकडे भरता. यातलं खरं कोणतं ते सांगा."

मी साधा कृषी पदविकाधारक माणूस. अमेरिकेचा मला गंध नाही. पण पेरणीचा अहवाल, पीक कापणी प्रयोग, पंचनाम्याचे तक्ते यांतच आमची हयात चालली आहे. आकडा कुठे फसवतो ते थोडेफार कळते. म्हणून दोन-तीन रात्री बसून वाचले. जे सापडले ते आपल्या सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनाही उपयोगी वाटले, म्हणून लिहितो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पण पाटी बदलली तरी दप्तर तेच आहे.)

आमच्या पारावरचा हा वाद तिकडे थेट निवडणुकीच्या व्यासपीठावर झालेला आहे. 19 ऑक्टोबर 2022 रोजी ओक्लाहोमाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारांची जाहीर चर्चा होती. गव्हर्नर म्हणजे तिकडचा मुख्यमंत्रीच समजा. एका बाजूला सत्तेवर असलेले रिपब्लिकन पक्षाचे केविन स्टिट. समोर जॉय हॉफमाइस्टर, राज्याच्या शिक्षण खात्याच्या प्रमुख. त्या आधी रिपब्लिकनच होत्या, मग डेमोक्रॅट झाल्या. पक्षांतराचे आपल्याला नवल नाही, असो. बाई म्हणाल्या, हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण आपल्या ओक्लाहोमात न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियापेक्षा जास्त आहे. स्टिट यांना हसू आले. त्यांनी उत्तर दिलेच नाही, समोरच्या लोकांनाच विचारले की हे तुम्हाला तरी पटते का. पुढच्या महिन्यात ते निवडूनही आले.

ते का हसले हे आपल्याला कळू शकते. बातम्यांत मुडदे दिसतात ते मोठ्या शहरांतले. आणि नुसते आकडे मोजले तरी तसेच दिसते. 2021 साली बंदुकीच्या गोळीने मेलेले लोक कॅलिफोर्नियात 3,576 आणि ओक्लाहोमात 836. चौपटीहून जास्त फरक. झाले, पारावरचा पहिला तट जिंकला.

आता आपल्या कापसाचे उदाहरण घ्या. देशात कापसाखालचे सर्वांत मोठे क्षेत्र आपल्या महाराष्ट्राचे. गाठी मोजल्या तर आपण मोठे दिसणारच. पण हेक्टरी उतारा काढला की मान खाली जाते, तो देशाच्या सरासरीच्याही खाली आहे. उद्या कोणी पुढारी सभेत म्हणाला की आपण एवढ्या गाठी काढतो म्हणजे आपली कपाशी सर्वांत चांगली, तर साधा शेतकरीसुद्धा विचारील, "दादा, रान किती अन् निघालं किती ते सांगा." तोच प्रश्न इथे विचारायचा. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या जवळपास चार कोटी, ओक्लाहोमाची चाळीस लाख. लाख माणसांमागे मृत्यू काढले तर कॅलिफोर्निया 9, ओक्लाहोमा 21, आणि ज्या न्यूयॉर्कच्या नावाने हसू आले तिथे साडेपाचच्या आत. देशात सर्वांत वाईट मिसिसिपी, लाखामागे जवळपास 34. तेही शेतीचेच राज्य, कापूस आणि सोयाबीनचे.

म्हणजे बाईंचे खरे? मीही आधी तसेच समजून बसलो होतो. दुसऱ्या रात्री पुढचे वाचले तेव्हा चूक कळली. बाई बोलल्या होत्या हिंसक गुन्ह्यांबद्दल, आणि मी आकडा धरला होता बंदुकीच्या मृत्यूंचा. ही दोन वेगळी पोती आहेत. हिंसक गुन्ह्यांच्या पोत्यात खून, बलात्कार, लूटमार आणि जबर मारहाण असे चार माल भरलेले असतात, आणि त्यात खुनाचा वाटा अगदी मूठभर. तिकडच्या एफ.बी.आय. या केंद्रीय तपास खात्याच्या 2020 च्या आकड्यांत ओक्लाहोमा लाखामागे सुमारे 459, कॅलिफोर्निया 442 आणि न्यूयॉर्क 364. बाई बरोबर. पण आदल्या वर्षी, 2019 साली, कॅलिफोर्निया ओक्लाहोमाच्या किंचित वर होते, आणि 2022 च्या आकड्यांत पुन्हा वर गेले. न्यूयॉर्कच्या बाबतीत मात्र बाईंचे म्हणणे 2019 सालीही खरे होते. खुनाचेच प्रमाण पाहिले तर 2021 साली ओक्लाहोमा दोघांच्याही पुढे होते. माल कोणता आणि साल कोणते हे विचारल्याशिवाय कोणाचाच निकाल लागत नाही.

सालाची गंमत तर आपल्याला चांगली ठाऊक आहे. सोयाबीनच्या भावाची तुलना 2021 च्या ऑगस्टमधल्या दहा हजारांशी केली की भाव कोसळलेला दिसतो. दुसरा माणूस त्याच्या आधीचे एखादे पडते साल धरतो आणि सांगतो, बघा भाव किती वाढला. अमेरिकेत बंदुकीने मेलेल्यांचा आकडा 2014 साली साडेतेहतीस हजार होता, 2021 साली 48,830 झाला, 2023 साली 46,728 वर उतरला. 2014 पासून मोजणारा म्हणतो भयंकर वाढ, 2021 पासून मोजणारा म्हणतो आमच्या राज्यकारभारात घट. दोघेही खोटे बोलत नाहीत, आणि ऐकणारा मात्र दोन्हीकडून फसतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती वाचल्यावर माझी झोपच उडाली. 2021 च्या त्या 48,830 मृत्यूंपैकी 26,328 आत्महत्या आहेत. निम्म्याहून जास्त. खून 20,958. बाकीचे थोडे पोलिसांच्या गोळीचे आणि अपघाताचे. शाळा-बाजारात शिरून बेछूट गोळीबार करण्याच्या ज्या बातम्यांनी आपल्याकडची आई घाबरते, त्यांचा वाटा एकूण मृत्यूंत फार थोडा आहे. वायोमिंग, मॉन्टाना ही राज्ये म्हणजे दूरदूर वस्ती, गुरांची कुरणे, मैलोगणती माणूस नाही. तिथे लाखामागचे बंदुकीचे मरण कॅलिफोर्नियाच्या अडीचपटीहून जास्त आहे, आणि त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त मृत्यू आत्महत्येचे आहेत. ओक्लाहोमातही आत्महत्या निम्म्याहून जास्तच. एकटा पडलेला माणूस आणि घरात भरलेली बंदूक, असा तो प्रकार. डेमोक्रॅट पुढारी या राज्यांचा आकडा दाखवून "बघा यांच्याकडे गुन्हेगारी किती" असे म्हणतात तेव्हा तेही लबाडीच करतात. ते ज्याला गुन्हेगारी म्हणतात त्यातला बराचसा भाग कोणा शेतकऱ्याचे, कोणा म्हाताऱ्याचे दुःख असते.

हे वाचताना मला अमेरिका दिसेना, आपलीच गावे दिसायला लागली. केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाने 2022 साली देशभरात शेतकरी आणि शेतमजूर मिळून 11,290 आत्महत्या नोंदवल्या. त्यांत 4,248 एकट्या महाराष्ट्राच्या. आणि पश्चिम बंगालच्या रकान्यात शून्य. एवढ्या मोठ्या शेतीप्रधान राज्यात वर्षभरात एकही नाही! विधानसभेत विरोधक आपला आकडा वाचतात, सत्तेतले दुसऱ्या राज्याशी तुलना करतात, पण शून्य म्हणजे दुःख शून्य की नोंद शून्य, हे कोण विचारतो? आपल्याकडेही पात्र आणि अपात्र असे दोन ढीग आहेत. जमीन नावावर हवी, कर्ज ठराविक ठिकाणचे हवे. अशा एका चौकशीला मी तलाठी भाऊसाहेबांबरोबर गेलो होतो. जमीन वडिलांच्या नावावर, कर्ज खासगी सावकाराचे. प्रकरण अपात्र झाले. त्या बाईने आम्हाला चहा दिला होता. कागदावर सही माझीही आहे, आणि एखादा आकडा वाचला की मला अजून ती कपबशी आठवते.

अमेरिकेत घरातल्या बंदुकीचे जे आहे, ते आपल्याकडे घरातल्या फवारणीच्या औषधाचे आहे. श्रीलंकेने काही जहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण उतरत गेले. माणसाच्या मनातला तो वाईट तास टळला तर पुष्कळदा माणूस वाचतो. औषध कुलपात ठेवा, किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, हे मी पूर्वी पोराबाळांच्या काळजीने सांगत होतो, आता मोठ्यांच्याही काळजीने सांगतो. मन फारच खचले तर सरकारचा टेलिमानस नावाचा मोफत फोन आहे, 14416. मराठीत बोलता येते. ग्रामपंचायतीच्या फलकावर हा आकडाही लिहायला हरकत नाही.

विषयाकडे येतो. राज्याची सरासरी हीसुद्धा एक फसवणूकच. मंडळाच्या पर्जन्यमापकात 65 मिलिमीटर भरले नाही की अतिवृष्टी झाली नाही, मग तुमच्या शिवारात ढगफुटी झालेली असो, हे आपण दरवर्षी भोगतो. शिकागोचेही तसेच. 2021 साली तिथे सुमारे आठशे खून झाले, पण ते शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या ठराविक वस्त्यांत एकवटलेले. उत्तरेकडच्या मोहल्ल्यांतला माणूस बऱ्यापैकी निर्धास्त असतो. आणि शिकागोचे नाव सगळ्यांच्या तोंडी असले तरी लोकसंख्येच्या मानाने ते पहिले नाही. सव्वीस-सत्तावीस लाखांचे शहर आहे ते. मिसिसिपीतल्या जॅक्सन या दीड लाख वस्तीच्या शहरात त्याच वर्षी दीडशेच्या आसपास खून झाले. भागाकार तुम्हीच करा. सेंट लुईस शहरही नेहमी यादीत वर असते, पण 1876 सालीच त्याची हद्द आजूबाजूच्या काउंटीपासून तोडली गेली आणि शांत उपनगरे हिशेबाबाहेर गेली. हद्द कुठे ओढली यावर गाव चांगले की वाईट ते ठरते, हे गावठाण आणि वाडीचे भांडण पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

शिकागोवरून आणखी एक वाद आहे. तिथे बंदुकीचे कायदे कडक, तरी खून जास्त, म्हणजे कायद्याचा उपयोग नाही, असे रिपब्लिकन म्हणतात. पण शिकागो शहराच्याच 2017 च्या अहवालाप्रमाणे तिथे जप्त झालेल्या बंदुकांपैकी सुमारे साठ टक्के बाहेरच्या राज्यांतून आलेल्या, आणि एकट्या शेजारच्या इंडियाना राज्याच्या पाचांत एक. बंदीचे कपाशी बियाणे आपल्याकडे रात्रीतून शेजारच्या राज्यातून कसे येते हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. मात्र त्यावरून कायदा रद्दच करा म्हणणे आणि कायद्याने सगळे सुधारेल म्हणणे, दोन्ही घाईचे.

आणि अहवालच आले नाहीत तर? 2021 साली एफ.बी.आय.ने नोंदीची पद्धत बदलली, नवा नमुना आणला. जवळजवळ चाळीस टक्के पोलीस ठाण्यांनी त्या वर्षाची माहिती पाठवलीच नाही, त्यात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससारखी शहरे. त्या वर्षाचा देशाचा आकडा मग अंदाजाने भरला. नवीन ॲप आले की आमच्याकडे काय होते ते आठवून मला त्या पोलिसांची थोडी कीवच आली. पण त्याच्या पुढच्याच वर्षी निवडणूक होती आणि व्यासपीठावर सगळे छातीठोकपणे टक्केवारी सांगत होते.

तर त्या वडिलांना मी काय सांगितले? सांगितले की बंदुकीच्या मरणाचे प्रमाण ओक्लाहोमात जास्त आहे हे खरे, पण तो आकडा सबंध राज्याचा आहे, तुमचा मुलगा राहणार एका कॉलेजच्या गावात. राज्याच्या सरासरीवरून त्याच्या खोलीचा अंदाज बांधू नका. कुठल्या वस्तीत खोली घेतो ते तिथे आधी गेलेल्या पोरांना विचारा. आणि एक ऐका, या आकड्यांत मला खरी भीती दिसली ती एकटेपणाची. कर्ज डोक्यावर, परका मुलूख, नापास झालो तर घरी काय सांगू ही धास्ती. त्याला निकालाचे कमी विचारा, जेवणाखाणाचे जास्त विचारा.

मुलाने ओक्लाहोमाच घेतले, फीमुळे. आई दर रविवारी सकाळी फोन लावते, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते. "जेवलास का, कोनासंगं जेवलास," हे दोनच प्रश्न ठरलेले. परवा वडील पुन्हा आले होते. मी मुलाची खुशाली विचारली. म्हणाले, "तो बरा हाये साहेब, ठिबकची पूर्वसंमती कवा येती ते सांगा."