फुफ्फुसावरचा जुना डाग आणि आखातातली नोकरी

आखातातल्या नोकरीसाठी निवड होते, करारपत्र येते, एजंटाचे पैसे भरून होतात आणि वैद्यकीय तपासणीत गाडी अडते. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, बहारीन, ओमान आणि संयुक्त अरब अमिराती या 6 देशांत कामाला जाण्यासाठी मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करून घ्यावी लागते. तिथे छातीच्या एक्स-रेत क्षयरोगाचा जुना व्रण दिसला, तर सहसा एकच शेरा मिळतो : ‘अनफिट’.

परंतु व्रण म्हणजे आजार नव्हे. क्षयाने फुफ्फुसाला झालेली इजा भरून येते तेव्हा तिथे घट्ट, तंतुमय भाग उरतो. भाजल्याचा डाग कातडीवर राहावा, तसाच हा आतला डाग. तो एक्स-रेत आयुष्यभर दिसू शकतो. त्यातून कुणाला लागण होत नाही.

आपल्या देशात येणारा कामगार संसर्ग आणत नाही ना, हे पाहण्याचा यजमान देशाला हक्क आहेच. पण त्याचे उत्तर थुंकीच्या तपासणीत मिळते. ब्रिटनही 6 महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी भारतीयांकडून क्षयरोगाची तपासणी मागतो. एक्स-रेत शंका आली, तर थुंकीचे नमुने घेऊन जंतूंची वाढ होते का ते पाहतात. या कल्चरला 8 आठवडेही लागतात. मात्र जंतू नसल्यास प्रमाणपत्र मिळते.

सरसकट नकाराचा तोटा सर्वांनाच होतो. परदेशी जायचे स्वप्न पाहणारा तरुण खोकला लपवतो, नाव नोंदले जाईल म्हणून सरकारी दवाखाना टाळतो, बरे वाटताच गोळ्या सोडतो. अर्धवट उपचारांनी जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि घरातली पोरे आजारी पडतात.

कामगारविषयक करारांच्या बोलण्यांत भारताने थुंकी-तपासणीचा आग्रह धरायला हवा. तोवर कामगारांनी कर्ज काढण्याआधी, एजंटाला पैसे देण्याआधी छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवावा. दुसऱ्याचा एक्स-रे ‘चालवून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासणी होते आणि परतीचे विमान धरावे लागते. क्षयरोग निघालाच, तर सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात. ती पूर्ण घ्यावीत. नोकरी दुसरी शोधता येते, फुफ्फुस नाही.