वर्षाला ३६५ सुया की ५२? ग्रोथ हार्मोनचं नवं तंत्र समजून घेऊया

मेस्सीची गोष्ट तुम्ही रील्समध्ये पाहिली असेलच. अर्जेंटिनातल्या रोसारिओचा मुलगा, लहानपणीच ग्रोथ हार्मोन कमी असल्याचं निदान, मग रोज रात्री पायात इंजेक्शन. रील तिथून थेट बार्सिलोनाला पोहोचतं. मी मात्र त्या ‘रोज रात्री’पाशी अडकतो. वर्षाला ३६५ सुया, त्याही कित्येक वर्षं! आता हा आकडा ५२ वर आलाय. कसा, ते बघू.

रोजच का टोचायचं?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती हे हार्मोन थोडं थोडं, झटक्याझटक्याने सोडते आणि सर्वात जास्त गाढ झोपेत. काही मुलांमध्ये ते पुरेसं तयारच होत नाही. गोळी देता येत नाही, कारण हे प्रोटीन आहे, पोटात पचून जातं. आणि टोचलं तर काही तासांतच शरीर ते साफ करतं. म्हणून रोज.

१९८५ पर्यंत हे हार्मोन मृत व्यक्तींच्या पिट्युटरीतून काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं उघड झालं आणि अमेरिकेत तो वापर थांबला. त्याच वर्षी तिथे जनुकीय तंत्राने बनवलेल्या हार्मोनला मंजुरी मिळाली. पुरवठ्याचा प्रश्न सुटला, सुईचा राहिला.

तीन औषधं, तीन युक्त्या

अमेरिकेच्या एफडीएने मुलांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची तीन औषधं मंजूर केली आहेत.

- स्कायट्रोफा (ऑगस्ट २०२१): हार्मोन एका मोठ्या वाहक रेणूला बांधलेलं असतं. शरीरात ती गाठ हळूहळू सुटते आणि मूळ हार्मोन आठवडाभर बाहेर येत राहतं.
- सोग्रोया (मुलांसाठी एप्रिल २०२३): हार्मोनला एक छोटी साखळी जोडलीय. ती रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटते. म्हणजे हार्मोन अल्ब्युमिनच्या गाडीवर डबलसीट फिरतं आणि लवकर बाहेर फेकलं जात नाही.
- एन्जेन्ला (जून २०२३): गरोदरपणातल्या एचसीजी हार्मोनचे तुकडे जोडून रेणू मोठा केलाय. त्यामुळे तो शरीरात जास्त टिकतो.

उंची जास्त वाढते का?

स्कायट्रोफाच्या ५२ आठवड्यांच्या चाचणीत मुलं वर्षाला सरासरी ११.२ सें.मी. वेगाने वाढली, रोजच्या इंजेक्शनवाली १०.३. सोग्रोयाच्या चाचणीत उलट, ११.२ विरुद्ध ११.७. त्यामुळे ‘नवं म्हणजे जास्त उंची’ असं समजू नका. परिणाम साधारण तितकाच, सुया मात्र सातपट कमी. माझ्या मते खरी कमाई हीच आहे. कंटाळून, सहलीला गेल्यामुळे किंवा भीतीने डोस चुकत राहिले, की औषध कितीही चांगलं असो, उंची मागे पडते.

मग अडचण कुठे?

पहिली गोष्ट, रोजचा एक डोस चुकला तर एक दिवस जातो, इथे मात्र जवळजवळ आठवडा. फोनवरचं रिमाइंडर आता जास्त महत्त्वाचं! दुसरी, डोस बरोबर आहे का हे रक्तातल्या आयजीएफ-१ वरून ठरवतात आणि ते आठवडाभरात वरखाली होतं. त्यामुळे इंजेक्शननंतर कितव्या दिवशी रक्त दिलं, हे डॉक्टरांना सांगावंच लागतं. तिसरी, रोजच्या इंजेक्शनचा अनुभव चार दशकांचा आहे, या औषधांचा अजून थोड्या वर्षांचा. आणि ग्रोथ हार्मोन मुळातच महाग. सुया कमी झाल्या म्हणून बिल कमी होईल असं नाही.

तुमच्या कामाचं काय?

हाडांच्या टोकांना वाढीचा भाग असतो. वयात आल्यावर तो बंद होतो, मग कुठलंच हार्मोन उंची वाढवत नाही. म्हणूनच ‘वीस वर्षांनंतरही हाइट वाढवा’वाल्या पावडरींवर पैसे घालवू नका.

पण घरात लहान भाऊ-बहीण असेल तर एक काम करा. दर सहा महिन्यांनी भिंतीला उभं करून उंची मोजा आणि तारखेसह फोनमध्ये लिहून ठेवा. चार वर्षांनंतर, वयात येईपर्यंत, मुलं साधारण वर्षाला ५-६ सें.मी. वाढतात. वाढ ४ सें.मी.च्या खाली दिसली तर ती नोंद घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटा. कमी उंचीमागे दरवेळी हार्मोनच असतं असं नाही, पण असलंच तर कळायला उशीर नको. कारण गेलेली वर्षं ३६५ सुयांनीही परत येत नाहीत आणि ५२ नीही नाही.