कात्री लावण्याआधी



शेतीच्या सदरात आज शिवणकाम कुठून आले, असे म्हणाल. पण भात झोडून झाले की कल्याण-मुरबाडकडच्या घरांतून पायमशीन सुरू झालेले मी पाहतो. कल्याण-डोंबिवलीची गिऱ्हाइके तलम साड्या, रेशमी पोलक्यांची कापडे आणून देतात. एक कापड बिघडले, तर कित्येक दिवसांची मजुरी भरपाईत जाते.

आमच्याच घरचे सांगतो. आईच्या जुन्या रेशमी नऊवारीचा मुलीला परकर शिवायचा होता. नवी बारीक सुई आणा, असे सौ. दोनदा म्हणाली. मी म्हटले, सुई ती सुई! मशीनला 16 नंबरची जाड सुई होती. हातभर शिवण झाली आणि धागे ओढले गेले. उसवले, पण भोके तशीच राहिली. सुती कापडावरचे भोक धुतल्यावर बरेचसे बुजते, रेशमावरचे सहसा बुजत नाही. चूक माझी होती.

म्हणून कात्री लावण्याआधी एवढे करा.

पहिले, कापड ओळखा. कडेचे दोन-चार धागे चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळा. मुले जवळ नकोत. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर रेशीम. कागदासारखा वास आला, तर सूत. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. त्याला गरम इस्त्री लावू नका.

दुसरे, जुने रेशीम उजेडासमोर धरा. ते घडीवर आधी विरते. हलकेच ताणून पाहा. चिरत असेल, तर मागे धुऊन आटवलेल्या मलमलीचे अस्तर लावल्याशिवाय मशीनखाली घालू नका.

तिसरे, सुई नवी आणि 9 किंवा 11 नंबरची घ्या. दोरा बारीक हवा. टाका साधारण दोन मिलिमीटरचा ठेवा आणि आधी तुकड्यावर शिवून पाहा.

चौथे, जॉर्जेट, शिफॉन सरकते. कापताना खाली कागद ठेवून दोन्ही एकत्र कापा. शिवतानाही खाली पातळ कोरा कागद घ्या, म्हणजे कापड मशीनच्या भोकात ओढले जाणार नाही. शिवण झाल्यावर कागद हलक्या हाताने फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. टाचण्या शिवणीसाठी सोडलेल्या मायेतच टोचा. त्याहून बरे म्हणजे आधी हाताने कच्चा टाका घाला. सुरुवातीला दोन्ही दोरे मागे धरा आणि पाय सावकाश चालवा.

राबातले रोप आपण हिसकून उपटत नाही. मुळे तुटली, तर आवणीनंतर ते धरत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. तलम कापडाला तोच हात लावा.

आणि हो, या कामाला वेळ दुप्पट लागतो. अस्तराचा खर्च आणि वाढीव मजुरी कापड हातात घेतानाच सांगा. विरलेली जागाही गिऱ्हाइकाला तेव्हाच दाखवा. नंतरचा वाद टळतो.

आमच्या परकराचे काय झाले? भोकांची पट्टी कापून टाकली, अस्तर लावले, आणि परकर चार बोटे आखूड झाला. मुलीने तो आनंदाने नेसला. सुई मात्र आता मीच आणून देतो.

पुढच्या वेळी भातानंतरच्या वालाविषयी बोलू.