हंगाम संपला, ट्रकांनी उभे राहावे कोठे?

कोल्हापूर-सांगलीकडील साखर कारखान्यांचे बॉयलर थंडावले की ऊस वाहणाऱ्या गाड्यांचे काय होते, याची चौकशी कोणी करीत नाही. थंडीच्या साऱ्या महिन्यांत या गाड्यांवाचून कारखान्याचे पान हलत नाही. तुटलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडला नाही तर वजन घटते, उतारा पडतो. म्हणून चालक रात्र पाहत नाही की थंडी पाहत नाही. मार्च-एप्रिलमध्ये शेवटची खेप रिकामी झाली की याच गाड्यांना कोणी वाली राहत नाही. त्यांपैकी काही ट्रक दुसऱ्या मालाच्या वाहतुकीस लागतात, ट्रॅक्टर शेताकडे वळतात. परंतु केवळ उसासाठी म्हणून घेतलेले जुने ट्रक आणि जोडट्रॉल्या यांचा मुक्काम पुढील हंगामापर्यंत एके जागी पडतो, आणि ती जागा बहुधा रस्त्याची कड असते.

बर्फाच्या मुलुखात हिवाळ्यासाठी अवजड वाहने उभी करून ठेवणे हे एक रीतसर काम समजले जाते. आमचा बेकामाचा काळ पावसाचा, आणि लोखंडाला पाऊस बर्फाहून काही कमी वैरी नाही. उसाचा रस व पाचट चासीवर आणि पाट्यांत साचलेले असते. ते धुऊन न काढता गाडी उभी केली तर पहिल्या सरीबरोबर गंज धरतो. डिझेलची टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या भागात दमट हवेचे पाणी होते आणि ते तेलात उतरते; म्हणून ती भरून ठेवायची. इंजिनातील जळके तेल आधी बदलायचे, कारण त्यातील आम्ल महिनोन्‌महिने धातू खात राहते. बॅटरीची तार सोडवायची, हवेच्या ब्रेकच्या टाकीतील पाणी काढायचे आणि हातब्रेक ओढून न ठेवता चाकांना उटी द्यायची. नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. जमल्यास धुरा लाकडी ठोकळ्यांवर घ्यायचा, म्हणजे टायर एकाच बाजूने चेपत नाहीत. शिवाय उंदीर आहेतच. त्यांना वायरिंगच्या वेष्टनाची भारी गोडी! यांतील एकही गोष्ट मालकाला ठाऊक नाही असे नाही. पण गटाराच्या काठी, चिखलात रुतलेल्या गाडीला जॅक लावायचा कशावर?

मालकाचे नुकसान ही एक बाजू झाली. रस्त्याने जाणाऱ्याचा जीव ही दुसरी, आणि ती अधिक गंभीर आहे. ट्रॉलीला मागचा दिवा नसतो, परावर्तक असलाच तर चिखलाने माखलेला असतो. काळोख्या पावसात दुचाकीस्वाराला ती दिसते ती आदळल्यावरच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ बेवारस राहिलेले वाहन हलविण्याचा अधिकार पोलिसांस दिला आहे. येथे दहा तास सोडाच, सहा सहा महिने गाड्या हलत नाहीत! पोलिसांनी तरी त्या उचलून न्याव्यात कोठे?

कराचीही अशीच गंमत आहे. वाहन वापरात राहणार नाही असे परिवहन कार्यालयास आगाऊ कळविले तर त्या मुदतीच्या करात सूट मिळू शकते; मात्र गाडी कोठे ठेवली आहे हे सांगावे लागते. ज्याच्यापाशी सार्वजनिक रस्त्यावाचून दुसरी जागा नाही त्याने तेथे काय लिहावे? म्हणजे गाडी चालत नाही, कमाई नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही आणि सवलतही हाती लागत नाही.

बरे, जागा पाहावी तर नदीकाठच्या मोकळ्या रानात गाड्या लावणे किती शहाणपणाचे, हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी दाखवून दिले आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. पाणी त्या खुणांकडे चढू लागल्यावर बॅटरी काढून ठेवलेला ट्रक घाईघाईने कोण आणि कसा हलविणार?

मग जागा नाहीच काय? आहे, आणि ती डोळ्यांसमोर आहे. हंगामात शेकडो गाड्या ज्या गाडीतळावर रांगा लावून वजनकाट्याची वाट पाहतात, तो कारखान्याचा तळ पावसाळ्यात ओस पडलेला असतो. अवजड गाडी पेलेल असा तो भरावाचा असतो, त्याला कुंपण असते, फाटकावर पहारेकरी बारमाही असतो. जेथे तळ पूररेषेच्या आत येतो तेथे दुसरी सोय पाहावी लागेल. इतरत्र अडचण जागेची नसून मनाची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडीचे चाक चोरीस गेले तर जबाबदार कोण, असे संचालक मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी माफक भाडे घ्यावे, गाडीची नोंद करून पावती द्यावी, विम्याची जोखीम मालकाने पत्करावी. ट्रकमालक हा बहुधा कारखान्याच्या सभासदाचाच मुलगा किंवा भाऊबंद असतो. घरच्या माणसाशी इतका व्यवहार जमू नये?

वाहतूकदार संघटनांनीही अनुदानाच्या जुन्याच मागण्या घोकीत न बसता हा विषय हाती घ्यावा. कारखान्याच्या वार्षिक सभेची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती सप्टेंबरात भरते, तोवर पाऊस ओसरू लागलेला असतो आणि गंजायचे ते गंजून गेलेले असते. येत्या हंगामाच्या तोडणी-वाहतुकीचे करार याच दिवसांत होत आहेत. हंगामानंतर गाडी कोणत्या तारखेपर्यंत, कोठे आणि किती भाड्याने उभी राहील, याचे एक कलम त्या करारपत्रात घालून मगच दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात.