फुकट जर्नलचं बिल

गेला आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

मी तालुक्याच्या गावात वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझ्याकडे पीएच.डी. केलेली एक मुलगी आता शेजारच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. चार वर्षं आमच्या भागातल्या देवराया पालथ्या घालून तिनं एक शोधनिबंध लिहिला आणि परदेशातल्या एका बऱ्यापैकी नाव असलेल्या जर्नलकडे पाठवला. दोनदा दुरुस्त्या झाल्या आणि शेवटी तो स्वीकारल्याची मेल आली. तिचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अगं, मग पेढे कुठायत?" तर ती म्हणाली, "सर, पुढचं ऐका." पुढे बिल होतं. २२०० डॉलर. म्हणजे आपले जवळजवळ दोन लाख रुपये.

"माझं वर्षभराचं मानधनही एवढं होत नाही," ती म्हणाली. फीचा आकडा तिला आधी माहीत होता, नाही असं नाही. पण गरीब देशांतल्या लेखकांना फी माफ होते असं तिनं वाचलं होतं आणि त्या भरवशावर निबंध पाठवला होता. माफी मागितली. दोन ओळींचं उत्तर आलं की तुमचा देश आमच्या यादीत नाही. अशा माफीसाठी बरेच प्रकाशक 'रिसर्च फोर लाइफ' या योजनेची यादी प्रमाण मानतात आणि त्या यादीत भारत नाही. देशाची अर्थव्यवस्था मोठी आहे ना! तासिकेवर शिकवणाऱ्याच्या खिशाचं माप त्यात कुठे धरणार?

आता गंमत अशी, की हे जर्नल 'ओपन अॅक्सेस' आहे. म्हणजे मुक्त. जगात कुणीही, कुठूनही, एक पैसा न देता वाचावं असं. आणि मी एकेकाळी या चळवळीचा कट्टर भक्त होतो. आमच्या लायब्ररीत परदेशी जर्नल्स कधी नव्हतीच. एखादा पेपर हवा असला की अमेरिकेतल्या जुन्या वर्गमित्राला मेल टाकायची आणि त्याच्या सवडीची वाट बघायची. त्यामुळे २००२ साली बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला आणि संशोधन सगळ्यांना खुलं असावं असं मोठमोठ्या लोकांनी म्हटलं, तेव्हा मला ते आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटलं होतं. भौतिकशास्त्रवाले तर १९९१ पासून आपले लेख 'आर्काइव्ह' या साठ्यावर टाकत होतेच. तिथे वाचणाराही पैसे देत नाही आणि लिहिणाराही.

मग पैसा आला कुठून? जाहीरनाम्यातच लिहिलं होतं की वाचकाकडून वर्गणी घ्यायची नसेल तर खर्चासाठी दुसरे मार्ग शोधावे लागतील. त्या अनेक मार्गांपैकी एक म्हणजे लेखकाकडून फी. प्रकाशकांनी नेमका तोच उचलला. २००३ मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी' निघालं तेव्हा फी १५०० डॉलर होती आणि तेव्हाही आम्हाला ती अवाढव्य वाटली होती. २०२१ पासून 'नेचर'नं आपला लेख खुला करण्याचा भाव लावला ९५०० युरो. साडेनऊ लाख रुपयांच्या घरात. एका लेखाचे!

एवढा खर्च येतो तरी कशाचा, हा भाबडा प्रश्न मला पडतो. निबंध आम्ही लिहितो. तपासणारे आमच्यासारखेच मास्तर, तेही फुकट. मी स्वतः गेल्या वर्षी सात निबंध तपासले, कुणी चहासुद्धा विचारला नाही. 'न्यूरोइमेज' हे मेंदूच्या चित्रणावरचं मोठं जर्नल. त्याची फी ३४५० डॉलर झाली. ती कमी करा अशी मागणी संपादकांनी केली, प्रकाशकानं ऐकलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये चाळीसहून जास्त संपादकांनी एकदम राजीनामे दिले आणि दुसरं जर्नल काढलं. आतल्या माणसांनाच भाव पटत नसेल तर आपण बाहेरून तो निमूटपणे का मान्य करायचा?

दुसरा घोटाळा याहून वाईट आहे. वर्गणी होती तेव्हा वाईट जर्नल कुणी घेत नसे. आता कमाई दर लेखामागे. जितके लेख स्वीकाराल तितके पैसे. मग नाही कोण म्हणणार? 'हिंदावी' ही मूळची कैरोची संस्था. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या 'वायली'नं ती जवळजवळ ३० कोटी डॉलरला घेतली आणि २०२३ या एका वर्षात तिथले ८ हजारांहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले. आपल्याकडे तर पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पीकच आलं. यूजीसीनं २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४३०५ नावं काढली. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती २०२२ मध्ये गेली खरी, पण नोकरी आणि बढतीसाठी छापलेले निबंध अजून मोजतातच. मोजणी आहे तोवर हा बाजार उठणार नाही.

आता कुणी म्हणेल, "मास्तर, कुणीतरी खर्च करायलाच हवा ना?" बरोबर आहे. संपादनाला, सर्व्हरला, मांडणीला पैसे लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ते लेखकाच्या खिशातून, दर लेखामागे, प्रकाशक म्हणेल त्या भावानं घ्यायचं कारण नाही. खुल्या जर्नलांची 'डोआज' नावाची सूची आहे. २००३ मध्ये तिच्यात ३०० जर्नल्स होती, आज २० हजारांच्या वर आहेत. त्यातली निम्म्याहून जास्त लेखकाकडून काहीही घेत नाहीत. ती विद्यापीठं, अकादम्या, विद्वत्सभा चालवतात. गणितात 'डिस्क्रीट अॅनालिसिस' हे जर्नल २०१६ पासून आर्काइव्हवरच्या लेखांच्या आधारानं चालतं, दोन्ही बाजूंनी फुकट.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघतं. ते इंटरनेटवर फुकट ठेवल्यावर छापील अंकाचे वर्गणीदार घटले नाहीत, उलट वाढले. मुंबईच्याच 'मेडनो'नं याच वाटेनं कितीतरी भारतीय वैद्यकीय जर्नल्स जगापुढे आणली, बहुतेक वेळा लेखकाकडून फी न घेता. आणि मग २०११ मध्ये 'वोल्टर्स क्लूवर' या परदेशी कंपनीनं मेडनो विकत घेतलं. आपण रोप लावलं, ते धरलं, आणि मग कुंडीसकट विकून टाकलं.

आता सरकारी हिशोब बघा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीन वर्षांना ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३ हजार जर्नल्स. वाचायला मिळतंय याचा मला आनंद आहे, उगाच खोटं कशाला बोलू. पण त्याशिवाय खुल्या जर्नलांची फी भरायला वर्षाला १५० कोटी ठेवलेत. म्हणजे वाचायचे पैसे वेगळे, लिहायचे वेगळे, आणि दोन्ही पुष्कळसे त्याच तिजोऱ्यांत. दोन लाखांच्या भावानं १५० कोटींत साडेसात हजार निबंध निघतील. देशात वर्षाला निबंध निघतात लाखाच्या वर. उरलेल्यांनी काय करायचं? तेच १५० कोटी दर जर्नलला वर्षाला १५ लाख असे वाटले, तर १००० जर्नल्स चालतील. संपादकाला मदतनीस मिळेल, भाषा तपासणारा मिळेल, आणि वाचकाला किंवा लेखकाला कुणी बिल पाठवणार नाही. आज ही जर्नल्स एखाद्या प्राध्यापकाच्या रात्रीच्या जागरणावर चालतात, तो निवृत्त झाला की बंद पडतात. सरकारचा पैसा तिथे जायला हवा.

असो. त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तिच्या आईनं बांगड्या गहाण ठेवायची तयारी दाखवली होती. मीच नको म्हटलं. निबंध परत घ्यायला लावला आणि फी न घेणाऱ्या एका भारतीय जर्नलकडे पाठवला. तिथे संपादक एकटेच आहेत, वेळ लागेल असं त्यांनी प्रामाणिकपणे कळवलंय. पण मधल्या काळात तिची मुलाखत आहे, आणि तिथे निबंध मोजताना तिचा एक कमी भरणार आहे. तत्त्व माझं आणि नुकसान तिचं, असा हा हिशोब झालाय. म्हणून आठवडाभर झोप नीट लागत नाहीये.

मी चुकलो का? तुम्ही माझ्या जागी असता तर तिला काय सांगितलं असतंत?