उंदराला फ्लॅट नको, बांध हवा

मोशी, चऱ्होली ते चाकणच्या पट्ट्यात जेसीबीने शेताचा बांध उकरला की बिळांतले शेतउंदीर उघड्यावर येतात. त्यांचं काय करायचं, यावर पिंपरीतल्या काही प्राणिप्रेमींचं उत्तर तयार आहे: पिल्लं घरी आणा, काचेच्या टाकीत भुसा पसरा, ज्वारी टाका, फिरायला चाक बसवा. उंदीर जगेल, मुलांना निसर्ग कळेल. शिवाय दुकानातला हॅमस्टर परदेशी, हा आपल्या मातीतला. त्यातून गणपतीचं वाहन! मोरया गोसावींच्या चिंचवडात त्याला एक फ्लॅट मिळू नये?

वाहनाचा मुद्दा एका वाक्यात संपतो. मूर्तीतला मूषक देवाच्या पायाशी मोकळा बसलेला असतो.

हॅमस्टरचा दाखला मात्र सावकाश तपासायला हवा, कारण देणाऱ्यांनी तो अर्धाच वाचलेला दिसतो. 1930 मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने शेत खणून हॅमस्टरची एक मादी पिल्लांसकट पकडली. खोक्यात घातल्यावर त्या आईने आपल्याच पिल्लाला मारलं. उरलेली पिल्लं माणसांना हाताने वाढवावी लागली. त्यांतली काही पळाली, काही मेली. पुढे जेरुसलेममध्ये एका भावा-बहिणीची जोडी जमली आणि आज दुकानांत मिळणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच वंशातले आहेत. म्हणजे तळहातावर बसून सूर्यफुलाचं बी सोलणारा तो गोंडस प्राणी पिंजऱ्यातच जन्मलेल्या असंख्य पिढ्यांनंतरचा. पांढऱ्या उंदराचीही कथा हीच. रशियात 1959 पासून कोल्ह्यांवर जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यातही प्रत्येक पिढीतले सर्वांत कमी बिचकणारे तेवढेच निवडून त्यांची वीण वाढवली गेली. मोशीच्या बांधावरून उचललेलं पिल्लू या रांगेत पहिलं उभं आहे. अलेप्पोच्या त्या आईच्या जागी. त्याला दुकानातल्या हॅमस्टरशेजारी बसवून ‘दोघं सारखेच’ म्हणणाऱ्यांना माया पुष्कळ असेल, हिशेब येत नाही.

यावर ‘प्रयोगशाळेत जगतात की!’ असं उत्तर येतं. जगतात, हे खरं. मदुराई कामराज विद्यापीठात शेतातून पकडलेल्या, 10 ग्रॅमच्या आसपासच्या शेतउंदरांवर जैविक घड्याळाचा अभ्यास झाला. सतत अंधारात ठेवलं तरी त्यांच्या धावपळीचं चक्र चालूच राहतं, फक्त ते 24 तासांहून थोडं कमी भरतं. शास्त्राला यातून पुष्कळ मिळालं. उंदराला ती खोली मानवली का, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. आणि चाक? नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी चक्क उघड्यावर चाक ठेवलं. रानातले उंदीर आपणहून येऊन त्यावर धावले, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. टाकीवाल्यांचा हा आवडता पुरावा. धावून झाल्यावर ते उंदीर निघूनही जात, एवढा भाग ते सांगायचा विसरतात. टाकीतला उंदीर चाकावरून उतरून कुठे जाणार?

बाकीचे मुद्दे लहान आहेत. आजाराचं म्हणाल तर लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून पसरतो. आणि चापेकरांच्या चिंचवडाला 1897च्या प्लेगची किंवा बीडच्या मामला गावाला 1994च्या प्लेगची आठवण करून द्यावी लागू नये. घरी आणलेलं पिल्लू नेमकं कोणत्या जातीचं, हेही आणणाऱ्याला ठाऊक नसतं. सिंहगडावरचा कोंढाणा उंदीर शास्त्राला माहीत झाला तोच 1975च्या सुमारास.

असाच वाद पोपटावरून झाला होता. पिंजऱ्यातला पोपट ‘विठू विठू’ म्हणतो म्हणजे सुखी आहे, असं तेव्हा सांगितलं जाई. पोपटामागे निदान कायदा उभा राहिला. उंदराला 1972च्या वन्यजीव कायद्याने उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात टाकलं होतं. 2022च्या दुरुस्तीत ते परिशिष्ट गेलं, पण तेवढ्याने उंदराची कड घेणारं कोणी उभं राहिलं नाही.

मग करायचं काय? फार नाही. घरटं उघडं पडलं तर ते वाळल्या गवतासकट त्याच बांधाच्या न खणलेल्या टोकाला, सावलीत ठेवावं आणि माणसांनी तिथून हलावं. आई फिरकली तर फिरकली. सोसायटीच्या मोठ्या प्लॉटमध्ये फरशी न घातलेला, गवत राखलेला एक पट्टा सोडावा. तिथे उंदीर टिकले तर गव्हाणी घुबडही येईल. मुलांना निसर्ग दाखवायचा असेल तर संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी बारीक राख भुरभुरावी आणि सकाळी ठसे मोजावेत: पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच.

चाकणच्या भुईमूगवाल्या शेतकऱ्याला हे पटणार नाही. शेंगा त्याच्या जातात, त्यामुळे त्याचा राग रास्तच आहे. पण त्याच्याशी भांडण निराळं. उंदरावर आपलं फार प्रेम आहे, असं तो म्हणत नाही.